स्वस्तातल्या एअर रायफलला कोणता छर्रा लागू पडतो, हे तपासायचं कसं

"दादा, सगळ्यात भारी छर्रा कोणता?" हा प्रश्न आमच्याकडं आता लई पोरं विचारायलेत. २०२४ ला पॅरिसमधे कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं तेव्हापासून परभणी, लातूर, बीडकडच्या पोरापोरींनाही वाटायलंय की हे आपल्याला जमू शकतं, आणि वाटायलाच पाहिजे. पण दोन-तीन लाखाची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, कुठून आणायची, मग घरात येते ती स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची साधी एअर रायफल, सोबत दुकानदारानं हातात दिलेला एक डबा, आणि महिनाभरातच पोरगं वैतागतं की मी एवढं नीट धरायलोय तरी छर्रे पांगतेत कसे.

तर सगळ्यात भारी छर्रा असा काही नसतो. एका रायफलमधे जो छर्रा एकाच भोकात जातो तोच छर्रा त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलमधे हातभर नाही पण बोटभर तरी पांगतो. हे फक्त आपल्या स्वस्त बंदुकांचं दुखणं आहे असं समजू नका. ऑलिम्पिकला .२२ नं, म्हणजे काडतुसाच्या छोट्या रायफलनं, खेळणारे नेमबाज काय करतात माहितीये का, लापुआ ही काडतुसाची कंपनी आहे, तिचं जर्मनीत शोनेबेक इथं टेस्ट सेंटर आहे, इंग्लंडमधे एली या दुसऱ्या काडतूस कंपनीचं आहे, तिथं हे लोक स्वतःची रायफल घेऊन जातात, रायफल शिकंजात घट्ट आवळतात आणि वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली, काडतुसं मारून बघतात. कंपनी तीच, डब्यावरचं नाव तेच, किंमत तीच, फक्त लॉट नंबर वेगळा, तरी एक लॉट त्या नळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. ज्यांच्याकडं जगातली सगळ्यात अचूक रायफल आहे ते जर तपासल्याशिवाय डबा घेत नसतील तर आपण तर तपासलंच पाहिजे.

अमेरिकेत याच्याही पुढं जाणारे लोक आहेत. तिथं साधी, स्वस्तातली बोल्ट अॅक्शन रायफल घ्यायची, घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, काडतूसही स्वतःच भरायचं आणि मग कागदावर बघत बसायचं की कोणता मेळ जमतो, हा तिथला मोठा छंद आहे. नुसतं शिसं लई मऊ, त्यामुळं ते त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. आपल्याकडं जुन्या छापखान्यात जे खिळे असायचे ना तेही शिसं-अँटिमनी-कथलाचेच, आणि तसलं छापखान्याचं भंगार हे लोक तिथं हुडकून हुडकून जपून ठेवतात. आपल्याकडं काडतूस बनवणं लायसनशिवाय गुन्हा आहे, १९५९ चा शस्त्र कायदा त्याबाबतीत स्पष्ट आहे, त्यामुळं तो विषय आपल्यासाठी तिथंच संपला. पण त्यांची तपासायची जी रीत आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर मोजायचं, ती जशीच्या तशी छर्ऱ्याला लागू पडते.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर गन घ्यायला आपल्याकडं लायसन लागत नाही. लायसन लागत नाही म्हणजे काहीही करा असं नाही. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाणायला, नाहीतर मोराला, वानराला भ्या दाखवायला ही बंदूक रानात नेणारे आहेत, मी हात जोडून सांगतो असलं करू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा तर आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी छर्रा लागून अर्धमेलं झालेलं पाखरू बांधाला तडफडत बसलेलं ज्यानं बघितलंय त्याला पुन्हा बंदूक उचलावी वाटणार नाही. ही बंदूक कागदासाठी आहे.

आता छर्रा नळीतून जातो कसा हे समजून घेऊ, कारण ते कळलं की टेस्टमधलं निम्मं कोडं सुटतं.

एक छर्रा चिमटीत धरून नीट बघा. पुढचं डोकं, मधे बारीक कंबर, मागं पोकळ घेर. मॅचचा छर्रा पुढून एकदम सपाट असतो, कागदात गोल स्वच्छ भोक पडावं म्हणून, आणि वजन साधारण ०.५३ ग्रॅम. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, एअर रायफलमधे बऱ्याचदा बारा, आणि साधारण १६ ते १८ इंचात एक पूर्ण फेरा. ट्रिगर ओढला की हवेचा दाब त्या मागच्या पोकळ घेरात शिरतो, घेर थोडा फुगतो, नळीच्या भिंतीला चिकटतो, हवा सुटू देत नाही, आणि डोकं खाचांवर बसून फिरायला लागतं. १७० मीटर सेकंदाला या वेगानं निघालेला छर्रा ४५ सेंटीमीटरला एक फेरा घेत असेल तर हिशोब करून बघा, सेकंदाला पावणेचारशेच्या वर गिरक्या होतात. या गिरकीमुळं आणि मागच्या घेराला लागणाऱ्या हवेच्या ओढीमुळं छर्रा सरळ जातो.

एवढ्या गिरक्या घेणारी वस्तू एका बाजूला केसभर जरी जड असली, किंवा तिचा घेर एका बाजूनं चेपलेला असला तर ती डळमळणारच. आणि घेर चेपायला काही लागत नाही, शिसं इतकं मऊ की नखानं ओरखडा पडतो. डबा मोटारसायकलच्या डिकीत टाकून गंगाखेडवरून परभणीला आणला तरी वरचे छर्रे एकमेकांवर आपटून वाकडे होतात, आपले रस्ते तुम्हाला माहितीच आहेत. त्यामुळं डबा आणताना वर स्पंजची चकती पाहिजे आणि भरायच्या आधी प्रत्येक छर्ऱ्याच्या घेराकडं एक नजर टाकायचीच.

मग येतं डोक्याचं माप. चांगल्या कंपनीच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरमधे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरक, डोळ्याला काय दिसणार, पण अंगठ्याला कळतो. नळी मोडून छर्रा मागून बसवताना बघा, एखाद्या डब्यातला अलगद आत घसरतो, काही अडकतच नाही, आणि दुसऱ्या डब्यातल्याला अंगठ्यानं जरा रेटावं लागतं, रेटताना खाच लागल्याचं बारीकसं जाणवतं. लई ढिला छर्रा खाचा नीट पकडत नाही आणि दर वेळी वेगळ्या खोलीवर बसतो, लई घट्ट असला तर वेग कमी-जास्त होतो. स्वस्तातल्या नळ्यांचं आतलं माप सगळ्यांचं एकसारखं येत नाही, म्हणून शेजारच्या पोराला ४.५० चालला तर तुम्हालाही चालेल याची काहीच खात्री नाही. जर्मनीचे आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, झेकचे जेएसबी, हे सगळे चांगले छर्रे बनवतात, देशी छर्ऱ्यांमधेही कधीकधी असा डबा निघतो की तुमच्या नळीला तो परदेशीपेक्षा बरा बसतो. महाग डब्याची खात्री एवढीच की त्यातले छर्रे एकमेकांसारखे असतात. ते तुमच्या नळीसारखे आहेत का, हे डबा सांगू शकत नाही.

आता स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव. ट्रिगर ओढला की आत स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन पुढं धावतो, म्हणून बंदूक आधी मागं येते, मग पिस्टन पुढं जाऊन दाबलेल्या हवेवर आदळतो आणि बंदूक पुढं जाते. आणि हे सगळं बहुतांशी छर्रा नळीतच असताना होतं! म्हणजे छर्रा बाहेर पडायच्या आधी बंदूक दोन दिशांना हललेली असते. म्हणून या बंदुकीला आवळून धरायचं नाही. पुढचा हात नुसता तळहात उघडा करून खाली ठेवायचा, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला हलकं टेकवायचं, तिला जसं हलायचंय तसं हलू द्यायचं, फक्त दर वेळी सारखंच हललं पाहिजे. तळहात एकदा ट्रिगरगार्डजवळ, एकदा लाकडाच्या पुढच्या टोकाला असं केलं की छर्रा तोच असूनही ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा घोळका, सरकतो, आणि पोरगं म्हणतं छर्रा खराब. म्हणून हात कुठं ठेवायचा तिथं लाकडाला चिकटपट्टीचा तुकडा लावून घ्या.

टेस्टला बसायच्या आधी बंदुकीचे स्क्रू बघा. लाकडाचे पुढचे दोन, ट्रिगरगार्डचे, आणि दुर्बीण असेल तर तिच्या माउंटचे. स्प्रिंगच्या धक्क्यानं ते ढिले होतातच. दुर्बिणीचं आणखी एक सांगतो, साधी दुर्बीण या उलट धक्क्याला टिकत नाही, आतली तार हलते, त्यामुळं "एअरगनसाठी" असं लिहिलेली नसेल तर लोखंडी साइटवरच टेस्ट केलेली बरी. आणि नळीच्या मागच्या भोकात तेल सोडू नका! गावाकडं मशीनचं तेल, खोबरेल, काय काय ओततात, का तर बंदूक जोरात चालते म्हणून. पिस्टननं हवा दाबली की ती तापते, ते तेल आत पेटतं, धूर निघतो, आवाज मोठा येतो, वेग दर वेळी वेगळा पडतो आणि आतलं सील जळतं ते वेगळंच. नव्याकोऱ्या बंदुकीत कारखान्याचंच ग्रीस जास्त असतं, तिला आधी शंभर-दोनशे छर्रे मारून शांत होऊ द्या, त्याच्या आधीच्या टेस्टला अर्थ नाही.

जागा कुठं? घराच्या माळवदावर नको, गल्लीत तर अजिबात नको. छर्रा दोनशे मीटरच्या पुढंही जाऊ शकतो आणि डोळा फोडायला पुरेसा असतो. रानात काळ्या मातीचा उंच बांध मागं असेल, पलीकडं वाट नसेल, गुरं नसतील, तिथं बसायचं. सिमेंटच्या भिंतीपुढं कागद लावला तर छर्रा उलटा येतो, म्हणून लाकडी खोकं घ्या, मागच्या बाजूला जाड लोखंडी पत्रा, पुढं जुन्या चिंध्या नाहीतर वर्तमानपत्राचे गठ्ठे ठासून भरा. शिसं त्यातच राहतं, मातीत जात नाही. चष्मा घालाच, साधा पांढरा का असेना. आणि शिसं विषारी आहे, छर्रे तोंडात धरायची सवय काही लोकांना असते, ती सोडा, उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, लहान लेकरांना डब्याजवळ येऊ द्यायचं नाही.

वेळ सकाळची. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, नऊ वाजता नळी हाताला गरम लागते, दहाला वारं सुटतं, अकराला जमिनीवरून झळा निघतात आणि कागदावरचा काळा गोल हलायला लागतो. उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत काय ते करून घ्या. हिवाळ्यात जरा सवड मिळते.

अंतर १० मीटर, टेपनं मोजलेलं, पावलांनी नाही. कागद असा पाहिजे की भोक स्वच्छ पडेल, वहीचं पान फाटतं, ड्रॉइंग शीट नाहीतर मॅचचं टार्गेट घ्या. खाली वाळू भरलेली जुन्या पँटीची तंगडी ठेवा, दोन्ही तोंडं शिवलेली, तिच्यावर तुमचा तळहात आणि तळहातावर बंदूक. बंदूक थेट वाळूवर किंवा विटेवर टेकवली तर ती उडते.

आता मुख्य भाग, आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं.

एनसीसीत ज्यांनी .२२ नं फायरिंग केलंय त्यांना ग्रुपिंग म्हणजे काय हे सांगायला नको. एकाच जागी नेम धरून पाच मारायचे, भोकं एकमेकांपासून किती लांब गेली ते बघायचं. मध्यभागी लागलं का नाही याला इथं काही किंमत नाही, ते साइट फिरवून आणता येतं. पांगणं साइट फिरवून कमी होत नाही. मोजायचं कसं, तर सगळ्यात लांबची दोन भोकं घ्या, व्हर्नियरनं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून छर्ऱ्याचे ४.५ मिमी वजा करा. बाहेरून १७.५ आलं तर ग्रुप १३ चा.

समजा एका पोरानं लाल डब्यातल्या छर्ऱ्याचे तीन मारले, ग्रुप आला ८ मिमी. निळ्या डब्यातले पाच मारले, आला ११. तो लगेच म्हणणार लाल भारी. पण तीन मारल्यावर ग्रुप लहान येणारच, कारण पांगायला संधीच कमी मिळाली. छर्रा एकच, पांगायचा स्वभाव एकच असला तरी सरासरीनं तिनाच्या ग्रुपपेक्षा पाचाचा ग्रुप पाव हिश्शानं मोठा येतो आणि दहाचा तर दीडपटीच्याही वर जातो. हे गणिती सत्य आहे, त्यात बंदुकीचा दोष नाही. त्या हिशोबानं लालचा ८ म्हणजे पाचाच्या ग्रुपचा १० झाला, मग निळ्याच्या ११ शी त्याचं भांडण उरलंच कुठं! म्हणून तुलना करायची तर दोन्हीकडं छर्रे सारखेच पाहिजेत.

याच्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकाच छर्ऱ्याचे पाच-पाचाचे ग्रुप पण सारखे येत नाहीत. एक १२ येतो, पुढचा १९, त्याच्या पुढचा १४, मधे काहीही बदललेलं नसताना. समजा लालचे चार ग्रुप आले १४, १९, १२, १७ आणि निळ्याचे आले १६, १३, १८, १५. बेरीज करा, दोन्हीकडं ६२, सरासरी साडेपंधरा. आता ज्यानं फक्त तिसरा ग्रुप बघितला तो म्हणेल लाल १२ आणि निळा १८, लाल दीडपट चांगला. ज्यानं दुसरा बघितला तो म्हणेल निळा १३ आणि लाल १९, निळाच घ्या. दोघंही आपापला कागद दाखवतील, दोघंही खरं बोलतायत, आणि दोघंही चुकलेत. दुकानात, रेंजवर, चहाच्या टपरीवर जो कागद खिशातून काढून दाखवला जातो तो कायम सगळ्यात लहान ग्रुपचाच असतो, बाकीचे कागद घरी चुलीत गेलेले असतात, हे लक्षात ठेवा. बघायचं असेल तर सगळे कागद बघायचे.

मग किती मारायचे? माझं म्हणणं, प्रत्येक प्रकाराचे पाच-पाचाचे चार ग्रुप, म्हणजे वीस छर्रे, हे कमीत कमी. एवढं करूनही दोघांच्या सरासरीत पाव हिश्शापेक्षा कमी फरक निघाला तर तो नशिबाचा खेळ असू शकतो, त्याच्यावर निर्णय घेऊ नका, दोन्ही सारखेच समजा आणि जो स्वस्त, जो जवळ मिळतो तो घ्या. फरक दीडपट-दुप्पट असेल तर मात्र तो खराच, आणि नळीला न मानवणारा छर्रा असा उघडा पडतोच, त्याला शोधायला फार छर्रे लागत नाहीत.

एक लई उपयोगी युक्ती आहे. पुढचा कागद दर पाच छर्ऱ्यांनी बदला, पण त्याच्या मागं एक पुठ्ठा लावा आणि तो वीसच्या वीस होईपर्यंत बदलू नका, हलवू पण नका, पिनांनी पक्का ठोका. पुढच्या कागदांवर चार ग्रुप वेगवेगळे मिळतात आणि मागच्या पुठ्ठ्यावर वीस भोकांचा एकच मोठा ठसा उमटतो. लालचा पुठ्ठा आणि निळ्याचा पुठ्ठा शेजारी ठेवले की बऱ्याचदा मोजायचीही गरज पडत नाही. पुठ्ठ्यावर आकार पण बघा. भोकं गोल पांगलीत का उभी रांग झालीय? उभी रांग म्हणजे बहुधा वेग कमी-जास्त होतोय. १७० मीटर वेगाचा छर्रा १० मीटर जाईपर्यंत साधारण पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो, त्यात वेग पाच मीटरनं इकडं-तिकडं झाला तर एखादा मिलिमीटर वर-खाली. १० मीटरवर हे फार नाही, पण अंतर दुप्पट केलं की छर्रा साडेसात-आठ सेंटीमीटर पडतो आणि तोच फरक चार-पाच मिलिमीटरचा होतो. म्हणजे १० मीटरवर जर मोठी उभी रांग दिसायली तर वेगापेक्षा हाताकडं, श्वासाकडं आणि गालाच्या जागेकडं आधी बघा. आडवी रांग असेल तर वारं, नाहीतर ट्रिगर ओढताना बोटाचा बाजूला ओढा, आणि मोडायच्या बंदुकीत नळीचा जोड ढिला असणं हेही एक कारण असतं.

छर्रा बदलला की लगेच मोजायला लागू नका. नळीत आधीच्या शिशाचा पातळ थर बसलेला असतो, नव्या छर्ऱ्याला तो स्वतःचा करून घ्यायला पाच-दहा मारावे लागतात, ते बांधात जाऊ द्या, मग मोजा.

आणि सगळे लाल आधी, सगळे निळे नंतर असंही करू नका. आधी माणूस ताजा असतो, नंतर डोळे थकतात, ऊन वर येतं, निळा बिचारा नुसता उशिरा आला म्हणून हरतो. एक दिवस लाल आधी, दुसऱ्या दिवशी निळा आधी, किंवा दहा लाल, मग दहा निळे, मग परत निळे, मग लाल. जमलं तर बहिणीला किंवा मित्राला शेजारी बसवा, डबे त्याच्याकडं द्या, छर्रे त्यालाच भरायला लावा, तुम्हाला कळूच देऊ नका कोणता चाललाय. महाग डबा हातात आहे हे माहिती असलं की माणूस नकळत जास्त जपून मारतो, हा मनाचा भाग आहे, आणि तो भल्याभल्यांना चुकत नाही. आमच्याकडं असंच एक लेकरू बसलं होतं, भरायला त्याची आजी! आजीनं चष्मा लावून प्रत्येक छर्रा निवडला, तांदळातला खडा काढल्यागत वाकडे बाजूला काढले, आणि विचारलं तरी शेवटपर्यंत सांगितलं नाही कोणता कोणता ते. इतकी स्वच्छ टेस्ट मी मोठमोठ्या लोकांना करताना बघितली नाही.

वजन करायचं का, असंही विचारतात. सोनाराच्या काट्यावर एका डब्यातले वीस-तीस छर्रे घालून बघा, चांगल्या डब्यात सगळे ०.५३ च्या आसपास, साध्या डब्यात ०.४९ पासून ०.५६ पर्यंत पण सापडतील. साधा डबा वजनानं निवडून घेतला तर थोडा सुधारतो, पण मनापासून सांगतो, ज्या वेळात पाचशे छर्रे तोलाल त्या वेळात कोरडा सराव, म्हणजे छर्रा न मारता नुसतं नेम धरायचा सराव, केला तर जास्त मार्क वाढतील. वाकडे घेर मात्र काढायचेच.

आता हे सगळं कशासाठी, ते एका आकड्यात दिसतं. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा ४.५ मिमीचा, त्याची कड ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पाहिजे, आणि तिथून पुढं दर अडीच मिलिमीटरला एक पूर्ण मार्क जातो. तुमची बंदूक आणि छर्रा मिळून वाळूच्या तंगडीवर सुद्धा १६ मिमी पांगत असतील तर तुम्ही कितीही स्थिर उभे राहा, मधोमध नेम धरूनही तीन-तीन मार्क नुसत्या छर्ऱ्यापायी जाऊ शकतात. तोच ग्रुप दुसऱ्या डब्यानं १० वर आला तर नुकसान एक-दोन मार्कांवर येतं, आणि खरं म्हणजे पोराला कळायला लागतं की आता जे बाहेर गेलं ते माझ्यामुळं गेलं. शिकणाऱ्याला हे कळणं फार मोलाचं आहे. चूक कुणाची हेच कळत नसेल तर तो सुधारणार काय? स्प्रिंगच्या साध्या बंदुकीत १० मीटरवर टेकवून पाचाचे ग्रुप सरासरी १० मिमीच्या आत बसायला लागले की मी म्हणतो बस झालं, आता टेस्ट बंद आणि सराव सुरू.

डबा ठरला की त्याच मापाचे, त्याच लॉटचे जमेल तेवढे डबे एकदम घ्या, दोघा-तिघांनी मिळून घेतले तर परवडतात. डब्याच्या मागचा लॉट नंबर वहीत लिहा, टेस्टचे कागद तारीख टाकून त्याच वहीत चिकटवा. पुढचा डबा वेगळ्या लॉटचा आला तर निदान दोन-तीन ग्रुप मारून जुन्या कागदांशी ताडून बघा.

आणि समजा चार-पाच प्रकार मारले आणि सगळेच सारखे पांगले तर? मग छर्रे विकत घेणं थांबवा, दोष बंदुकीत आहे. नळीचं पुढचं तोंड भिंगातून बघा, छर्रा बाहेर पडतो त्या कडेला कुठं चेप, खरका असेल तर एक बाजूची हवा आधी सुटते आणि छर्ऱ्याला ढकलते. बंदूक तोंडावर उभी ठेवायची सवय असेल तर हे होतंच, ते काम घरी कानशीनं करू नका, जाणत्या कारागिराकडं द्या. मग नळीचा जोड, बंद केल्यावर हातानं बाजूला हलवून बघा, खडखडला तर बोल्ट आवळा. शेवटी मागचं रबरी सील, जोडावर टिश्यू पेपरचा किंवा सिगारेटच्या पातळ कागदाचा तुकडा ठेवा आणि मारा, कागद उडाला तर तिथून हवा जातेय. सील लई महाग नसतं, बदलून घ्या, आणि नवा डबा आणायच्या आधी घरात पडलेल्या त्याच लाल-निळ्या डब्यांचे वीस-वीस परत मारून बघा.